पातेल्यातला नमुना

सरबतांच्या त्या कारखान्यात मालकाचा शब्द एखादवेळी खाली पडेल, पण बाईंचा नाही. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. वय अठ्ठावन्न, आवाज करवतीसारखा आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी एक नियम घालून दिला होता. इमारतीत जे काही कालवलं, ढवळलं, उकळलं जाईल, त्यातली एक छोटी बाटली आधी बाजूला निघाली पाहिजे. बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि बनवणाऱ्याची सही. मग ती बाटली सहा महिने थंड कपाटात. बाजारातून तक्रार आली की बाई कपाट उघडायच्या, बाटली तपासायच्या आणि तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद करायच्या. एकवीस वर्षांत एकदाही हरल्या नव्हत्या. खालचे कामगार म्हणायचे, बाईंनी घरी चहा केला तरी आधी एक कप कपाटात ठेवत असतील आणि मग नवऱ्याला देत असतील. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण थट्टा काही थांबली नव्हती.

तर या बाईंनी एका मुलीला खोटारडी ठरवलं. तेही पुराव्यानिशी.

मुलगी म्हणजे प्रयोगशाळेतली सगळ्यात लहान, वय तेवीस. सगळे तिला धाकटी म्हणत. आईबाप दूर, कारखान्याच्या मागच्या गल्लीत एका खोलीत भाड्याने राहायची. काम चोख, तोंड फटकळ. बाईंना उलट उत्तर देणारी सबंध इमारतीत ती एकटीच, आणि खरं सांगायचं तर बाईंना ते मनातून आवडायचंही. कबूल मात्र त्या मेल्या तरी करणार नाहीत.

दुसरं माणूस म्हणजे भाचा. बाईंच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक, वय सव्वीस. बाईंनीच त्याला प्रयोगशाळेत चिकटवला होता. देखणा, हसतमुख, समोरच्याला काय ऐकायचंय ते बरोबर ओळखणारा. बाकीची मंडळी पाठीमागे त्याला 'भाचेबुवा' म्हणत आणि समोर अदबीने वागत. बाईंना मूलबाळ नव्हतं. बहीण तळमजल्यावर राहायची, बाई वरच्या मजल्यावर, आणि हा पोरगा लहानपणापासून दोन्ही मजल्यांवर लाडावलेला. त्याच्याविरुद्ध ब्र काढलेला बाईंना खपायचा नाही.

आता गोळ्यांचं सांगते, कारण सगळं तिथे येऊन अडतं. नवरा गेल्यावर बाईंची झोप उडाली. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, दोन महिन्यांपुरत्या. बाईंनी त्या नऊ वर्षं चालू ठेवल्या. चिठ्ठी जुनी, दुकानदार ओळखीचा, आणायला भाचा. एक पाकीट घरी, एक प्रयोगशाळेच्या खणात. कारखान्यात पाळ्या असायच्या, पोरांच्या झोपेचं खोबरं व्हायचं. कुणी डोळे चोळत आला की बाई खण उघडायच्या आणि अर्धी गोळी तळहातावर ठेवायच्या. "घे, आणि गपचूप झोप." पोरांनी त्याला 'बाईंची अर्धी' असं नाव पाडलं होतं. पाळी बदलली, घे बाईंची अर्धी. प्रेमभंग झाला, घे बाईंची अर्धी. सुटीच्या दिवशी पोरं आपापसांत त्या गोळ्या पेपरमिंटसारख्या वाटून घ्यायची. बाई ना डॉक्टर ना वैद्य, पण वाटप जोरात. वर त्यांना ती मायाच वाटायची!

धाकटीही घ्यायची. आधी पाळी संपल्यावर, मग सुटीला, मग नुसतं डोकं शांत हवं म्हणून. एक दिवस ती बाईंच्या टेबलाशी आली आणि उरलेले तुकडे कागदाच्या पुडीत बांधून समोर ठेवले.

"बाई, हे परत घ्या. मला याच्याशिवाय जमेना झालंय. आता मी मागितलं तरी देऊ नका."

"बघू किती दिवस टिकतेस ते," बाई म्हणाल्या. त्यांना जरा लागलंच होतं.

पण पोरगी टिकली. पहिला आठवडा तिचे डोळे सुजलेले असायचे, हातातली काचनळी थरथरायची, पण ती मागायला आली नाही. बाई रोज बघत होत्या. पुडी परत केल्याचं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, आणि धाकटीनेही ते गाजवलं नव्हतं.

महिनाभराने एका शनिवारी नवं सरबत सगळ्या चाचण्यांतून पार पडलं. शनिवारी काम दुपारी दोनपर्यंतच. भाचा म्हणाला, "मावशी, आज आपणच आपलं सरबत पिऊया की." प्रयोगशाळेत तेव्हा पाच माणसं होती, बाई, भाचा, धाकटी आणि दोन जुने तंत्रज्ञ. पातेल्यात सरबत कालवलं. बाईंनी सवयीप्रमाणे आधी बाटली भरली, चिठ्ठी लावली, कपाटात ठेवली. सगळे हसले. मग भाच्याने ग्लास भरले. धाकटीचं यंत्रावरचं मोजमाप चालू होतं, तिला उठता येईना, म्हणून तिचा ग्लास तो आतल्या खोलीत घेऊन गेला. बाईंनी आपला ग्लास संपवला आणि दोघा तंत्रज्ञांबरोबर घरी निघाल्या. भाचा म्हणाला, "हिचं झालं की मी कुलूप लावतो." बाईंना त्यात वावगं काय वाटणार?

सोमवारी सकाळी आठ वाजता धाकटी बाईंच्या टेबलाशी उभी राहिली. शनिवारचेच कपडे. केस विंचरलेले नव्हते.

"बाई, शनिवारी माझ्या सरबतात काहीतरी होतं."

"काय होतं?"

"ते मला माहीत नाही. अर्धा ग्लास प्यायले आणि पायातलं बळ गेलं. तो म्हणाला, चल, खोलीवर सोडतो. गाडीत बसल्याचं आठवतंय. पुढचं थोडं थोडं. मला बोलता येत नव्हतं, बाई. हात उचलता येत नव्हता. रविवारी दुपारी जाग आली तेव्हा..." ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "त्याने माझ्यावर बळजबरी केली. तुमच्या भाच्याने."

बाईंनी काय करावं? एखादी खुर्ची पुढे करतो, पाणी देतो, निदान दार तरी लावून घेतो माणूस. बाई उठल्या त्या बोट रोखूनच.

"उचलली जीभ लावली टाळ्याला! कुणाबद्दल बोलतेस कळतंय का? गोळ्या तूच खायचीस. पुन्हा सुरू केल्या असशील, तुझं तुलाच भान राहिलं नसेल. पोराने माणुसकीने घरी नेऊन सोडलं, तर त्याच्यावरच आळ?"

"मी गोळ्या सोडल्यात. तुम्हाला माहितीय. तुम्हालाच माहितीय."

"मला काही माहीत नाही. घरी जा, अंग धू, झोप काढ, आणि डोकं ठिकाणावर आलं की कामावर ये."

धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. मग गेली. अंग धुवायला नाही, सरळ सरकारी रुग्णालयात गेली आणि तिथून पोलिसांत.

रुग्णालयातल्या तपासणीत तिच्या लघवीत झोपेचं औषध सापडलं. अंगावरचे बाकीचे नमुने सरकारी प्रयोगशाळेत गेले, त्यांच्या अहवालाला महिने लागणार होते. पण पोलिसांनी विचारलं, "याआधी अशी गोळी कधी घेतली होतीस?" आणि मुलीने खरं सांगितलं, हो, घ्यायचे. झालं! तिथेच सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. स्वतःहून घेणारी मुलगी, सापडणारच की औषध. भाच्याला बोलावून विचारलं, तर त्याने मान खाली घालून सांगितलं की तिला बरं वाटत नव्हतं, मी दारापर्यंत सोडलं आणि आलो. फौजदार म्हणाले, चौकशी चालू राहील. कारखान्यानेही आपली चौकशी समिती बसवली. मोठे साहेब, ऑफिसातल्या एक वयस्कर बाई आणि बाहेरच्या एक वकीलबाई. येत्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता बैठक.

इकडे बाईंनी कंबर कसली. कपाटातून शनिवारची बाटली काढली, मोहोर लावली आणि बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. बुधवारी अहवाल आला. सरबतात साखर, आंबटपणा, रंग, सगळं जिथल्या तिथे. झोपेचं औषध औषधापुरतंही नाही. बाईंनी अहवाल दोनदा वाचला आणि त्यांचा जीव असा काही भांड्यात पडला की त्यांनी त्या दिवशी कुणावर आवाजही चढवला नाही. साहेबांनी वर बोलावून सांगितलं, "बाई, तुमचा अहवाल पुढे आला की विषय संपला. मुलीला बदनामीबद्दल काढून टाकू." बाई म्हणाल्या, "मी स्वतः येऊन सांगते."

प्रयोगशाळेतले लोकही फिरले. धाकटी आपलं सामान घ्यायला आली तेव्हा कुणी तिच्याशी बोललं नाही. एक तंत्रज्ञ तर तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "पातेलं एकच होतं, आम्हीही प्यायलो. आम्ही नाही पडलो ते." धाकटी वळली. "तुम्ही कशाला पडाल?" एवढंच म्हणाली आणि आपला पांढरा कोट टेबलावर टाकून गेली.

गुरुवारी सकाळी बाई काचसामान ठेवायच्या खोलीत गेल्या. तिथे काकू नळ्या धूत होत्या. काकू म्हणजे प्रयोगशाळेतली भांडी धुणाऱ्या. शाळा चौथीपर्यंत, हात साबणाने सोललेले, बोलणं मोजकं. बाईंना कुणाला तरी सांगायचंच होतं.

"बघितलंस ना काकू? नमुना स्वच्छ निघाला. नियम म्हणून लोक हसतात मला."

काकूंनी नळी खळबळवली. "कुठला नमुना, बाई?"

"शनिवारच्या सरबताचा."

"तो तुम्ही पातेल्यातून घेतलेला ना?"

"मग कुठून घेणार?"

"नाही, पोरगी काय पातेल्याला तोंड लावून प्यायली नाही, म्हणून विचारलं."

बाई तिथल्याच स्टुलावर बसल्या. एकवीस वर्षं हजारो बाटल्या भरल्या, आणि ही साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली नव्हती. पातेलं स्वच्छ होतं, हे त्या बाटलीने सिद्ध केलं होतं. ग्लासाबद्दल ती बाटली काहीच बोलत नव्हती. अहो, शाळेतल्या पोराला कळेल असं! पण बाईंना ती बाटली निर्दोष हवी होती, म्हणून त्यांनी पुढचा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही.

"ग्लास कुठेत?" त्यांनी विचारलं.

"ते सोमवारी सकाळीच धुतले मी. चार."

"पाच होते."

"चार बेसिनमध्ये पडले होते, चिकट, मुंग्या लागलेले. पाचवा धुतलेला होता. वाळत घालायच्या फळीवर."

"कुणी धुतला?"

काकूंनी आता नळ बंद केला. "ते मी कसं सांगू? पण असा धुतला होता, की मी बघतच राहिले. साधं सरबत पिऊन माणूस ग्लास विसळतो आणि सरळ ठेवतो. हा उपडा घातलेला, बारक्या खुंटीवर, तुमच्या नळ्या घालतात तसा. खाली शुद्ध पाण्याचा डबा उघडा, अर्धा संपलेला. फडक्याचा एक डाग नाही. तुम्ही नव्या पोरांना शिकवता ना, साबण, मग नळाचं पाणी, मग तीनदा शुद्ध पाणी, पुसायचं नाही, उपडं घालायचं. अगदी तसा."

"धाकटीने धुतला असेल."

"तिला उभं राहता येत होतं का?"

बाई शनिवार आठवू लागल्या. दोघे तंत्रज्ञ त्यांच्याबरोबरच बाहेर पडले होते. उरला कोण? ज्या पोराने इतक्या वर्षांत स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नाही, त्याने शनिवारी दुपारी पाचांतला एकच ग्लास धुतला होता, आणि हाताला जे वळण होतं त्याच वळणाने. ते वळण बाईंनीच लावलेलं.

"तू आधी का नाही बोललीस?" बाई काकूंवरच उखडल्या.

"मला कुणी विचारलं?" काकूंनी नळ पुन्हा सुरू केला.

बाई टेबलाशी आल्या. खणाला कुलूप होतं. त्याच्या किल्ल्या दोनच, एक त्यांच्या पर्समध्ये आणि एक भाच्याकडे. खण उघडून त्या पाकिटाकडे बघत बसल्या. आतून किती गेल्या, कधी गेल्या, त्यांना काही सांगता येईना, कारण या खणातून त्यांनी स्वतःच मूठ मूठ वाटल्या होत्या. धाकटीने परत केलेली पुडी मात्र कोपऱ्यात तशीच होती. ती बघून बाईंना ब्रह्मांड आठवलं. 'तुम्हालाच माहितीय,' असं पोरगी म्हणाली होती, आणि आपण तिला म्हणालो, मला काही माहीत नाही.

त्या दुपारीच अर्धी रजा टाकून घरी गेल्या. भाच्याला समिती होईपर्यंत घरी बसायला सांगितलं होतं. तो बहिणीच्या बैठकीच्या खोलीत पाय पसरून फोनवर काहीतरी बघत होता.

"शनिवारी ग्लास कुणी धुतला?" बाईंनी चप्पलही काढली नव्हती.

"कुठला ग्लास, मावशी?"

"मी शिकवलं तसा धुतलास. निदान पाचही धुवायचेस, मेल्या!"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, फक्त डोळ्यांतून उतरलं. त्याने फोन बाजूला ठेवला. "मावशी, तू दमलीस. उद्या वर जायचं, अहवाल वाचायचा, खाली यायचं."

"काय केलंस तिला?"

"काही नाही केलं. तिला हवंच होतं, नाटकं करत होती. जरा सैल व्हावी म्हणून दिली एक गोळी. सगळेच घेतात. तूच देतेस."

हे तो इतक्या सहज बोलला, की बाईंना वाटलं आपण दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलो. त्यांचा हात उठला आणि त्याच्या गालावर बसला. जन्मात पहिल्यांदा. आवाजाने बहीण आतून धावत आली.

"ताई! वेड लागलं का तुला?"

"विचार त्याला काय केलंय ते. आत्ता बोलला माझ्यासमोर."

भाचा गाल चोळत म्हणाला, "आई, तूच समजाव हिला. उद्या ही तोंड उघडणार. मग पोलीस पहिला प्रश्न विचारतील, गोळ्या कुणाच्या? सबंध प्रयोगशाळेला गोळ्या कोण वाटत होतं? मी सांगेन. तंत्रज्ञ सांगतील. मी बुडालो तर मावशी, तुझं नाव माझ्याआधी येईल पेपरात."

बहीण मटकन खाली बसली. तिने एकदा लेकाकडे पाहिलं, आणि बाईंना क्षणभर वाटलं, आता ही त्याला विचारेल. पण ती बाईंकडेच वळली. "ताई, पाया पडते तुझ्या. एकुलता एक आहे. चूक झाली असेल वयात. मुलीचं काय, ती जाईल दुसऱ्या गावी, विसरेल. ह्याचा जन्म जाईल."

"तिचा नाही गेला?"

"ती आपली कोण?" बहीण किंचाळली. "तुला पोटचं नाही ना, तुला काय कळणार! परक्या पोरीसाठी घराची राखरांगोळी करायला निघालीस. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती उघडून तुला काय मिळणार आहे? नोकरी जाईल, अब्रू जाईल, आणि हा उंबरा तुला बंद होईल. एवढं लक्षात ठेव."

बाई जिना चढून वर गेल्या. बिछान्यावर बसून खूप वेळ रडल्या. रागाने रडल्या, लाजेने रडल्या, आणि त्या पोराला कडेवर घेऊन फिरवल्याचं आठवून रडल्या. दीड वर्षात निवृत्ती होती. आपणहून विस्तवात हात घालायला कुणाला आवडेल? त्यांना नव्हतं आवडत. गप्प बसावं, असं त्यांना शंभरदा वाटलं, हे खोटं कशाला सांगू?

शुक्रवारी अकरा वाजता वरच्या मजल्यावर समिती बसली. लांब टेबलाच्या एका टोकाला धाकटी, एकटीच. समोर भाचा, इस्त्रीच्या शर्टात. साहेबांनी बाईंना हसून खुर्ची दिली.

"बाई, अहवाल तेवढा वाचून दाखवा. मग आपण आटपू."

बाईंनी अहवाल टेबलावर ठेवला. "हा खरा आहे. पातेल्यात काही नव्हतं. पण ही मुलगी पातेल्यातून प्यायली नाही, ग्लासातून प्यायली. तो ग्लास माझ्या भाच्याने नेऊन दिला आणि शनिवारीच धुऊन टाकला. बाकीचे चार तसेच सोडले. विचारा भांडीवाल्या काकूंना."

साहेबांचं हसू विरलं. "बाई, तुमचं काम फक्त नमुन्यापुरतं..."

"माझं बोलणं झालेलं नाही. हिने गोळ्या महिनाभर आधी सोडल्या होत्या. उरलेल्या मला आणून दिल्या, ती पुडी ही इथे आहे. हे मला माहीत होतं. सोमवारी ही मला सांगायला आली तेव्हाही माहीत होतं. आणि काल या पोराने माझ्या तोंडावर कबूल केलंय, की त्याने हिला गोळी दिली."

"खोटं बोलतेय ही!" भाचा उभा राहिला. "गोळ्या हीच वाटते सगळ्यांना! विचारा कुणालाही!"

वकीलबाईंनी चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं. "हे खरं आहे?"

"खरं आहे. खण माझा, गोळ्या माझ्या. नऊ वर्षं वाटत होते."

"तुम्हाला कल्पना आहे, याचे परिणाम काय होतील?"

"आहे."

साहेब वकीलबाईंच्या कानाशी लागले, मग म्हणाले, बाईंनी तूर्त किल्ल्या जमा कराव्यात आणि कामावर येऊ नये. भाच्यालाही निलंबित केलं. त्याने दार एवढ्या जोराने आपटलं की ऑफिसातल्या बाई दचकल्या.

बाहेरच्या व्हरांड्यात धाकटी उभी होती. बाई तिच्याजवळ गेल्या. काय म्हणायचं ते काल रात्रीपासून जुळवत होत्या, पण तिचा चेहरा बघून सगळं विसरल्या.

"पोरी..."

"पोरी नका म्हणू मला," धाकटी म्हणाली. "आणि हात लावू नका. तुम्ही आज खरं बोललात म्हणून मी तुमचे आभार मानावेत, असं वाटत असेल, तर ते होणार नाही."

"नाही वाटत."

"वर जे बोललात ते इथल्या कागदावर राहील आणि साहेब ते फडताळात टाकतील. पोलिसांना सांगाल?"

बाईंच्या पर्समधला फोन वाजत होता. बहिणीचा. सकाळपासून वाजतच होता. बाईंनी तो काढला, बंद केला.

"चल," त्या म्हणाल्या.

दोघी चालत गेल्या, धाकटी चार पावलं पुढे. ठाण्यात लाकडी बाकावर ती एका टोकाला बसली, बाई दुसऱ्या टोकाला. महिला अधिकाऱ्याने कागद ओढला आणि प्रश्न सुरू केले. आरोपी तुमचा कोण? सख्ख्या बहिणीचा मुलगा. गोळ्या कुणाच्या? माझ्या. त्याच्या हाती कशा लागल्या? मी किल्ली दिली होती. एकेक उत्तर देताना बाईंचा करवतीसारखा आवाज बारीक होत गेला, पण थांबला नाही. अधिकारी भराभर लिहीत होती. मग तिने मान वर न करताच विचारलं,

"या मुलीने सगळ्यात आधी कुणाला सांगितलं?"

"मला. सोमवारी सकाळी आठ वाजता."

"मग तुम्ही काय केलंत?"

बाईंनी बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. धाकटी समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"मी तिला हाकलून दिलं," बाई म्हणाल्या. "खोटारडी म्हटलं. अंग धुऊन टाक म्हटलं."

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. "हे लिहू? तुमच्याविरुद्ध जाईल."

"लिहा," बाई म्हणाल्या.

"ते 'अंग धुऊन टाक' सुद्धा लिहा," धाकटी भिंतीकडे बघतच म्हणाली, आणि अधिकाऱ्याने ते लिहिलं.